पासष्टच्या पुढचा पाऊस

नोकरीची एकतीस वर्षं मी पाणी मोजलं. पाटबंधारे खात्यात, गिरणेच्या जामदा कालव्यावर. पाणी दोन प्रकारचं: चारीतून, म्हणजे कालव्याच्या पाटातून, जाणारं आणि वरून पडणारं. पहिल्याचं भांडण, दुसऱ्याची वाट. पावसाळ्यात सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा, साचलेलं काचेच्या नळीत ओतायचं, वहीत आकडा लिहायचा. बऱ्याच दिवशी आकड्याच्या जागी एकच शब्द असायचा, निरंक.

त्यामुळे भाचीचा न्यूझीलंडहून फोन आला, "मामा, मिलफर्ड ट्रॅक करू या का? चार दिवस डोंगरातून चालायचं, पावसाची खात्री," तेव्हा मी बाकीचं काही ऐकलंच नाही. 'पावसाची खात्री' हे शब्द असे एकाला एक लागून मी खानदेशात कधी ऐकले नव्हते.

भाची ख्राइस्टचर्चला नर्स आहे. या वाटेवर दिवसाला फक्त चाळीस जणांना स्वतंत्रपणे सोडतात आणि सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं असतं. बुकिंग तिनेच उरकलं. माझ्याकडे तयारी होती. दोन महिने मी पाठीवर दहा किलो ज्वारी घेऊन पाटणादेवीच्या जंगलातून पितळखोऱ्यापर्यंत चढ-उतार केले. पहिल्याच दिवशी सौ. म्हणाली, "एवढी ज्वारी घेऊन फिरताच आहात तर दळून तरी आणा."

आधीचे दोन दिवस

ऑकलंडच्या विमानतळावर मी सगळं खरं खरं लिहून दिलं: शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे बिबडे, मातीत वापरलेले बूट. अधिकाऱ्याने बिबडे उलटेपालटे करून पाहिले, कशाचे आहेत ते विचारलं आणि सोडले. बूट मात्र आत नेले. थोड्या वेळाने ओले, स्वच्छ, विकत घेतले तेव्हाही नव्हते इतके चकचकीत होऊन परत आले. परक्या देशाची माती, बी, किडे आत येऊ नयेत याबद्दल हे लोक फार कडक आहेत. पाटणादेवीची माती अशी ऑकलंडला धुतली गेली.

ख्राइस्टचर्चहून 'ते आनाऊ' नावाच्या गावापर्यंत गाडीने. वाटेत क्रॉमवेलच्या आसपासचा मुलूख लागला आणि मी भाचीला गाडी थांबवायला लावली. पिवळे, बोडके डोंगर. खाली जर्दाळू आणि चेरीच्या बागा, ठिबकच्या नळ्यांवर. गवताला हात लावला तर मे महिन्यातल्या आमच्या बांधावरच्यासारखं कुडकुडीत. जवळच्या अलेक्झांड्रा गावाला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि आम्ही निघालो होतो त्या मिलफर्डला पडतो साडेसहा हजारांच्या घरात. मध्ये डोंगराची रांग आहे म्हणून हे घडतं. तस्मान समुद्रावरून पश्चिमेचे वारे येतात, डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि सगळं तिथेच रिकामं करतात. पलीकडच्यांना उरतं ते नुसतं वारं.

हे गणित मला कुणी शिकवायची गरज नव्हती. इगतपुरीला धो धो आणि चाळीसगावला ढग नुसते बघून जातात, ही माझ्या नोकरीची एकतीस वर्षं. सह्याद्रीच्या पलीकडचे लोक पाऊस खातात आणि आम्ही ढेकर ऐकतो. फरक एवढाच, की या वेळी मी खाणाऱ्यांच्या पंगतीला निघालो होतो.

जळगाव जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आत-बाहेर. आमचा नऊ वर्षांचा पाऊस तिथे एका वर्षात.

पहिला दिवस: ग्लेड धक्का ते क्लिंटन हट, ५ कि.मी.

ते आनाऊच्या सरोवरातून बोट तासाभराहून अधिक चालते. १८८८ साली क्विंटिन मॅकिनन या माणसाने या डोंगरातून पलीकडे जाणारी खिंड शोधली आणि पुढे लोकांना वाट दाखवायचं कामही केलं. १८९२ मध्ये तो याच सरोवरात होडीसकट बुडाला. होडी सापडली, तो सापडला नाही. मी पाण्याकडे पाहिलं. काळं, थंड, तळ कुठे असेल याचा पत्ता न देणारं.

धक्क्यावर उतरताच बूट जंतुनाशकात बुडवायचे. एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून. माझ्या बुटांना आता सवय झाली होती.

पहिला दिवस म्हणजे फिरून येणं. बीच नावाच्या झाडांचं जंगल, खोडांवर, दगडांवर, फांद्यांवर, वाटेच्या पाटीवरसुद्धा हातभर शेवाळ. वाटेवर झुलता पूल आहे. खाली क्लिंटन नदी, पाणी इतकं नितळ की खोली कळेना. मला राहवलं नाही. काठावर दहा मीटर पावलांनी मोजले, काटकी टाकली, घड्याळ लावलं. कालव्याचा वेग आम्ही असाच काढायचो, खात्याचं यंत्र बंद पडलं की. म्हणजे बहुतेक वेळा. तीन वेळा काटकी टाकून सरासरी काढली, पात्राची रुंदी अंदाजे धरली, खोलीपाशी येऊन अडकलो.

"मामा, लोक बघताहेत," भाची म्हणाली.

"बघू दे. पाणी चोरत नाहीये."

आणि पाऊस? नाही. एक थेंब नाही. निळं आकाश, ऊन. हटवर पोहोचेपर्यंत भाचीने दहा वेळा ऐकवलं, की मामा, तुम्ही दुष्काळ सोबत आणलात.

हट म्हणजे चाळीस जणांची लाकडी धर्मशाळा. झोपायच्या फळ्या, स्वयंपाकघरात गॅसच्या शेगड्या, नळाला गार पाणी. भांडी, अंथरूण, शिधा आपापला, आणि कचराही आपला आपण परत न्यायचा. रात्री हटचा रखवालदार सगळ्यांना बसवून उद्याची वाट आणि हवामान सांगतो. त्याने सांगितलं, मध्यरात्रीनंतर जोरदार.

मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. चटणीचाच, पण निवडून घेतलेला, तोंड आणि बूड सारखं, उभा. असा डबा मोकळ्यावर ठेवला की पर्जन्यमापकच झाला. तोंड रुंद असो की अरुंद, आत जेवढी उंची साचेल तेवढा पाऊस. फक्त वर झाड नको आणि भिंत जवळ नको. हटसमोरच्या मोकळ्या जागेत दोन दगडांमध्ये डबा बसवला. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी बरोबर होतीच.

एक म्हातारा शेतकरी मघापासून बघत होता. ख्राइस्टचर्चच्या बाजूच्या कँटरबरीच्या मैदानातला, मेंढ्या आणि थोडं धान्य करणारा. त्याने काही विचारलं नाही. जवळ येऊन डब्याचं तोंड आडवं झालं होतं ते सरळ केलं.

रात्री एकच्या सुमारास पत्र्यावर सुरू झाला. आमच्याकडे रात्री पाऊस आला की घरात कुणी झोपून राहत नाही. म्हातारी माणसंसुद्धा उठून ओट्यावर येतात, काही बोलत नाहीत, उभी राहतात. मी तसाच उठलो, पायात काही न घालता बाहेर पडवीत गेलो. शेतकरी तिथे आधीच उभा होता. आत सदतीस-अडतीस माणसं घोरत होती किंवा कानात बोळे घालून पडली होती. आम्ही दोघं पंधराएक मिनिटं उभे राहिलो. मग तो म्हणाला, आमच्याकडे हा महिनाभर आलेला नाही. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, पण हे वाक्य मला भाषांतराशिवाय कळलं.

दुसरा दिवस: क्लिंटन ते मिन्टारो, साडेसतरा कि.मी.

सकाळी सातला पट्टी बुडवली. २६ मि.मी. सहा तासांत. वहीत लिहिलं.

मग दिवसभर जे झालं त्याला आमच्याकडे शब्द नाही. आम्हाला पावसाचे शब्द आहेत ते थोड्या पावसाचे: भुरभुर, शिंतोडा, सडा, सर. दरीच्या दोन्ही बाजूंना उभे कडे, हजार मीटरांचे म्हणा, आणि त्यांच्या कपाळावरून पाणी सुटलेलं. एक धबधबा, दोन, दहा. मी मोजत होतो. साठपर्यंत मोजले, मग एका कड्यावर पांढरे पट्टे एकमेकांत मिसळून गेले आणि मी सोडून दिलं. खात्यात असतो तर 'असंख्य' लिहिल्याबद्दल साहेबाने शेरा मारला असता.

भाचीने मला दिलेला महागडा कोट दोन तासांत आतून ओला झाला. तो पाऊस होता की घाम, यावर आमची चर्चा झाली. लहानपणी बारदानाची खोळ डोक्यावर घेऊन आम्ही कापसात निंदायला जायचो. ती पण ओली व्हायची, पण तिच्याकडून कुणी अपेक्षा ठेवत नसे.

दुपारी एका सखल जागी वाट दिसेनाशी झाली. पाणी वाटेवरूनच वाहत होतं, आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्याच्या वर. पुढच्या झाडावर नारिंगी त्रिकोण दिसत होता, म्हणजे वाट तिथेच होती, पाण्याखाली. भाची एरवी माझ्याशी चांगलं मराठी बोलते. घाबरली की तिची आजी बाहेर येते.

"मामा, आते काय करानं?"

"थांब," म्हटलं. काठी रोवली, पाणी बघितलं. वेग फार नव्हता, गढूळ नव्हतं, लाकडं वाहून येत नव्हती. कालव्याच्या फुटलेल्या भरावात मी याहून वाईट पाण्यात उभा राहिलो आहे. मागून तो शेतकरी आणि एक जर्मन जोडपं आलं. चौघा-पाचांनी एकमेकांच्या पिशवीचे पट्टे धरले आणि कासवासारखे पार झालो. पलीकडे भाची हसायला लागली ती थांबेचना. थंडीने होतं तसं. तिला गुळाचा खडा दिला.

मिन्टारो हटमध्ये सगळीकडे ओले मोजे लटकलेले, आणि वास असा की वर्णन नको. मी खिचडी टाकली आणि गॅसवर बिबडे भाजले. ज्वारी भाजल्याचा वास त्या मोज्यांच्या वर चढला आणि लोक एकेक करून जवळ आले. जर्मन बाईंनी तीन खाल्ले. हे काय आहे, म्हणून विचारलं तर भाचीने 'पापड' म्हणून सांगितलं. मी दुरुस्त केलं. पापड आणि बिबडं एक नव्हे. बिबड्याच्या मागे ज्वारी भिजवणं, आंबवणं, पहाटे उठून हाटणं, उन्हात गच्चीवर घालणं आणि कावळे हाकलणं आहे. हे सगळं इंग्रजीत सांगताना कावळ्यांपाशी आलो तेव्हा बिबडे संपले होते.

रात्रीच्या बोलण्यात २०२० च्या फेब्रुवारीचा विषय निघाला. मिलफर्डला तेव्हा साठ तासांत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. वाट वाहून गेली, रस्ता तुटला, अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. ऐकता ऐकता मी भागाकार केला. तासाला सोळा-सतरा. आमच्याकडे चोवीस तासांत पासष्टच्या वर गेला की सरकारी भाषेत अतिवृष्टी, मग तलाठी, पंचनामे, अनुदानाच्या याद्या. इथे चार तासांत अतिवृष्टी, आणि अशी अडीच दिवस. मी भाचीला म्हटलं, या मंडळाचा तलाठी मेलाच असता.

डबा बाहेर ठेवला.

तिसरा दिवस: मॅकिनन खिंड

डबा काठोकाठ भरून वाहून गेला होता. डब्याची उंची ११० मि.मी. म्हणजे आकडा एकशे दहा नाही, 'एकशे दहाहून जास्त'. वहीत तसं लिहिताना हात अडखळला. एकतीस वर्षांत मापक ओसंडला म्हणून आकडा गेला, असं माझ्या हातून झालं नव्हतं. रात्री एकदा उठून ओतून घ्यायला हवं होतं, हे कळत होतं, पण मी मेल्यासारखा झोपलो होतो. शेतकऱ्याने वही बघितली आणि खांद्यावर हात ठेवला. जणू कुणीतरी गेलं.

खिंडीत वारा फार, म्हणून रखवालदाराने सगळ्यांना साडेनऊपर्यंत थांबवून ठेवलं. ११५४ मीटर ही उंची कागदावर काही नाही, पण वळणावळणाने झाडं सरली आणि उघड्यावर आलो तेव्हा पाऊस आडवा लागत होता. गालावर वाळू मारल्यासारखा. माथ्यावर मॅकिननच्या नावाचा दगडी स्तंभ आहे. दोन्हीकडच्या दऱ्या दिसतात म्हणे. आम्हाला स्तंभ दिसला, तोही हात लावल्यावर.

पुढे निवाऱ्याची खोली आहे. तिथे चहा केला. बाहेर केया, म्हणजे डोंगरी पोपट, एकाच्या पिशवीची साखळी उघडत बसला होता. हिरवा, जाडजूड, पंखाखाली शेंदरी, आणि डोळ्यांत बाजारातल्या दलालाचा भाव. त्याला हाकललं की दोन फूट सरकायचा आणि परत यायचा.

उतार मात्र लिहावासा वाटत नाही. नऊशे-हजार मीटर खाली, ओल्या दगडांवरून, बाजूला पाणी गर्जत. ज्वारीच्या पोत्याने चढ शिकवला होता, उतार शिकवला नव्हता. गुडघे कसे होते ते घरी कळवलेलं नाही.

खाली आल्यावर सदरलँड धबधब्याचा फाटा फुटतो, जाऊन-येऊन दीड तास. भाची म्हणाली, नको. मी म्हणालो, ५८० मीटर. ती म्हणाली, मामा, गुडघे. मी म्हणालो, तीन टप्पे. गेलो. डोनल्ड सदरलँड नावाच्या माणसाला हा १८८० मध्ये सापडला. आता वर तोंड करून बघायची सोय नव्हती. समोर नुसता पांढरा अंधार आणि वारा. पाण्यानेच केलेला वारा, शंभर पावलांवरून माणसाला मागे ढकलणारा. मला पाटणादेवीचा धवलतीर्थ आठवला. श्रावणात तो चार दिवस बरा चालला तर आम्ही सहकुटुंब डबा घेऊन जातो, फोटो काढतो. त्याची मला लाज वाटली नाही, उलट त्याचा थोडा अभिमानच वाटला. एवढ्याशा पावसात तो बिचारा दरवर्षी उभा राहतो.

डम्पलिंग हटवर अंधार पडता पडता पोहोचलो. जेवण काय केलं आठवत नाही.

चौथा दिवस: डम्पलिंग ते सँडफ्लाय पॉइंट, १८ कि.मी.

या रात्री दोनदा उठलो. पहिल्यांदा ४१, दुसऱ्यांदा ९, आणि पहाटे थांबला. डबा पुसला, झाकण लावलं.

ऊन निघालं आणि मग एक गोष्ट दिसली जी मी येईपर्यंत विचारात घेतली नव्हती. काल ज्या कड्यांवर शेकडो धबधबे होते, तिथे सकाळी दहापर्यंत मोजके उरले. बाकीचे पुसून टाकल्यासारखे. खाली सगळा कठीण खडक, त्यावर वीतभर शेवाळ आणि मुळांची जाळी, माती जवळपास नाहीच. पडलं की निघालं. झाडंसुद्धा एकमेकांची मुळं धरून कड्याला चिकटलेली असतात आणि फार भिजली की एक सुटतं, खालच्या सगळ्यांना घेऊन जातं. कड्यांवर अशा उभ्या खरवडी जागोजागी दिसतात.

माझ्यासारख्याला हे बघवत नाही, खोटं कशाला बोला. एवढं पाणी, आणि सरळ समुद्रात. मी मनात बंधारे घालत चाललो होतो. इथे अरुंद आहे, इथे खडक चांगला, इथून डावा कालवा. एदा सरोवर लागलं तेव्हा जरा बरं वाटलं. पूर्वी कधी तरी दरड कोसळून नदी अडली आणि हे झालं. डोंगरानेच एक बंधारा बांधून ठेवला होता. त्याच्या काठची वाट १८९० च्या दशकात खडकातून खोदून काढली. खडकात छिन्नीचे घाव अजून दिसतात.

माश्यांबद्दल. सँडफ्लाय म्हणजे आपल्या चिलटाएवढी काळी माशी, चावते मात्र डासाची थोरली बहीण असल्यासारखी. माओरी लोक सांगतात, की हे खोरं घडून झालं तेव्हा मृत्यूची देवी हिने-नुइ-ते-पो ते बघायला आली. इतकं सुंदर झालंय की माणसं इथेच राहून जातील, ही भीती वाटून तिने या माश्या सोडल्या. मुक्कामाच्या शेवटच्या जागेचं नावच सँडफ्लाय पॉइंट. बोटीची वाट बघत तिथे अर्धा तास बसलो आणि देवीचं काम चोख आहे असं माझं मत झालं.

एकूण ५३.५ किलोमीटर. शेतकऱ्याने निरोप घेताना माझ्या वहीतले आकडे आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले, 'एकशे दहाहून जास्त' सकट. त्याच्याकडचा कालव्याचा हिस्सा ठरलेला असतो, वर्षाला किती उचलायचं ते, आणि शेजारी जास्त उचलतो असं त्याचं ठाम मत होतं. शेजारी वरच्या अंगाला आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, अर्थातच.

बोटीवरून मिलफर्डचं पाणी चहासारखं तपकिरी दिसत होतं. पावसाचं पाणी जंगलातला पालापाचोळ्याचा रंग घेऊन येतं आणि खाऱ्या पाण्यावर साईसारखं तरंगत राहतं. हात घालून चाखलं. वरवर तरी अळणीच.

संध्याकाळी ते आनाऊला फोनला रेंज आली. आमच्याकडे तेव्हा भर दिवस. धाकट्या भावाचे चार मिस्ड कॉल होते. त्याची अडीच एकर जमीन चारीच्या टेलला आहे, म्हणजे पाणी सगळ्यांत शेवटी पोहोचतं तिथे, गहू उभा.

"दादा, कथा व्हता तू? कालवाले पाणीनं आवर्तन सुटनं."

"मग? आपली चारीले उनं का?"

"अजून उनं नही. वरला तोडी राहिनात."

"पाणीना सात नंबर अर्ज भरेल शे ना?"

"भरेल शे."

"पावती कोठे शे?"

तो पावती शोधायला आत गेला. मी फोन कानाला लावून बाहेर उभा राहिलो. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.